टाचेखालचं ठिगळ

मी कयाक बोलतोय. फायबरचा, दहा फूट लांब, वरून मोठ्या तोंडाचा. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. इकडं जालना जिल्ह्यात कयाक म्हणलं की निम्म्या लोकांना ते कापसावर मारायचं औषध वाटतं. कुणी मला होडी म्हणतं, कुणी डोंगी, आणि धर्मराज नावाचा एक म्हातारा तर सरळ भोपळा म्हणतो. म्हणू द्या. नावाचं मला काही न्हाई. मला भेव आहे ते पाण्याचं.

हसा, खुशाल हसा. जन्मच पाण्यासाठी झाला आणि पाण्यालाच भितो, हे हसण्यासारखंच आहे. पण ज्याच्या पोटाला वीतभर चीर पडली, त्या चिरेवर कुणीतरी ठिगळ मारलं आणि वर एक जिवंत माणूस बसवून खोल पाण्यात लोटून दिलं, त्यानं मंग हसून दाखवावं.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका पत्र्याच्या शेडात झाला. साच्यात काचेच्या धाग्यांची मॅट अंथरली. मॅट म्हणजे पांढरी चटईच. तिच्यावर रेझिन ओतलं. रेझिन म्हणजे मधासारखा चिकट रस, त्यात हार्डनर टाकला की तासाभरात दगड होतो. चार थर दिले, ब्रशनं बडव बडव बडवलं, साच्यातून उपटून काढलं. झालो मी. एवढंच माझं हाडमांस. ह्यात बढाई मारण्यासारखं काही न्हाई.

तिथून एका धरणावरच्या बोट क्लबात गेलो. तिथल्या लोकांबद्दल न बोललेलं बरं. दहातले आठ जण माझ्यात बसायचे, वल्हं डोक्यावर धरून फोटो काढायचे आणि उतरायचे. पाण्यात जायचे न्हाईत. मंग एका वर्षी धरणात पाणीच आलं न्हाई. क्लबाला कुलूप लागलं. दोन उन्हाळे मी उघड्यावर उताणा पडून होतो. शेवटी सगळं सामान भंगारात निघालं आणि ट्रकभर लोखंडासोबत मी पण जालन्याला आलो.

जालन्यात लोखंडाला मान आहे. तिथं गंजका खिळा पण भट्टीत जाऊन सळई होऊन बाहेर येतो. फायबरला कोण विचारतंय? मी न वितळणारा, न खपणारा. आवाराच्या कोपऱ्यात फेकून दिलं. एका कुत्रीनं माझ्या पोटात चार पिल्लं घातली, तेवढे दिवस बरे गेले. पुढं एका दिवशी हमालानं न बघता लोखंडी अँगल टाकला, तो नेमका माझ्या पोटावर. चर्रर्र झालं. बसणाराच्या टाचा जिथं टेकतात त्याच जागी वीतभर चीर पडली. तिच्यातून खालची जमीन दिसायला लागली. त्यावर जुन्या गिअरबॉक्सचं तेल कितीतरी दिवस ठिबकत राह्यलं आणि माझ्या पोटात मुरत राह्यलं. हे तेल ध्यानात ठेवा.

तिथंच मला परवेज भेटला.

परवेज तीर्थपुरीचा. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा, जळालेल्या मोटारीत नवी तार भरून रिवायंडिंग करायचा. तांब्याची तार बघायला आल्ता आणि मला बघून थांबला. माणसाची एक खोड मी जन्मापासून बघत आलोय. कोणतीही वस्तू दिसली की तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करणार आणि मान हलवून म्हणणार, मजबूत हाय. परवेजनं टकटक केली न्हाई. त्यानं चिरेत बोट घातलं आणि ते किती आत जातं ते बघितलं. तेव्हाच मला वाटलं, हे पोरगं बरं आहे. आणि तेव्हाच भेव पण वाटलं, कारण चीर बघूनही ते मला घेऊन निघालं.

टेम्पोच्या टपावर बांधून मला तीर्थपुरीला नेलं. अंबडच्या स्टँडापाशी टेम्पो थांबला तर ही गर्दी. एक म्हातारी म्हणाली, कुणाची तरी अंघोळीची टाकी दिसती.

आता परवेजला माझी गरज काय, ते सांगतो. तीर्थपुरीच्या खालच्या अंगाला गोदावरी आहे. इकडं तिला गंगाच म्हणतात. बंधाऱ्याची दारं पावसाळ्यानंतर बंद केली की पाणी मागं लांबपर्यंत तुंबतं, आणि काठच्या सगळ्यांच्या मोटारी त्याच पाण्यावर. मोटारीच्या पाइपाचं टोक आत खोल पाण्यात, ड्रमावर तरंगत ठेवलेलं असतं. त्या टोकाला पाणी ओढून घेणारा जाळीचा फुटव्हाल. हल्ली गंगेत जलपर्णी इतकी माजली आहे की तिची मुळं जाळीत जाऊन बसतात, मोटार कोरडी फिरते आणि जळते. कुणीतरी आत जाऊन जाळी साफ करायला पाहिजे. परवेज काठालगतच्या जाळ्या ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पालथा पडून साफ करायचा. पण खोलातल्या जाळ्यांपर्यंत ट्यूब नेऊन त्याला जमायचं न्हाई.

कारण त्याला पोहता येत न्हाई.

हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि गावात कुणालाच न्हाई. सात वर्षांचा असताना विहिरीत पडल्ता. बाहेर काढला तेव्हा ओठ निळे पडलेले. तेव्हापासून त्याची आई, जुबेदा, त्याला पाण्याच्या नावानं घाबरते आणि तो, आपल्याला पोहता येत न्हाई हे लोकांना कळंल म्हणून घाबरतो.

परवेजचा बाप महेमूद. आता खरं ह्या माणसाचंच सांगायचं आहे.

महेमूदची साठी उलटलेली. चाळीस वर्षं त्यानं एकच धंदा केला, फायबरचे कूलर. नवे बांधायचा, फुटलेले जोडायचा. उन्हाळ्यात त्याच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नसायची. आणि ह्या माणसाचा एक नियम होता. जोडलेला कूलर गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी काठोकाठ भरायचा, खाली वर्तमानपत्र अंथरायचं आणि रातभर तसाच ठेवायचा. सकाळी पेपर कोरडा निघाला तरच काम पास. तो पेपर घडी घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. चाळीस वर्षांत एकही पेपर ओला निघाला न्हाई. ह्या गोष्टीचा त्याला गर्व होता. असायलाच पाहिजे. दुसरं काय होतं त्याच्यापाशी?

मी ओसरीत आलो तेव्हा हिवाळा होता, कूलरचं काम बंद. महेमूदनं माझ्याभोवती दोन चकरा मारल्या, टकटक केली, मान हलवली. धर्मराज तिथंच बसल्ता. धर्मराज म्हणजे महेमूदचा लहानपणचा दोस्त, गंगेकाठी त्याची मोसंबीची बाग. त्याच्याच मोटारीचा फुटव्हाल सगळ्यात खोल पाण्यात, आणि तोच तुंबलेला. त्यानं मला बघून विचारलं, "मिस्त्री, ह्याला पंखा कुठं बसवणार?"

"तुह्या डोक्याव बसवतो," महेमूद म्हणाला. "तिथं समदं मोकळंच हाय."

काम सुरू झालं. आणि माझं भेव वाढत गेलं.

घरात हे लोक आपसात उर्दू बोलायचे, मी माझ्या मराठीत सांगतो. परवेजनं मोबाइलवर कुठल्यातरी होडीवाल्याची दुरुस्ती बघून ठेवल्ती. तो बापाला हळूच म्हणाला की अब्बा, तो माणूस आधी खरवडून घासायला सांगतो. चिरेच्या चारी बाजूनं वीतभर, जुना थर पांढरा होईपर्यंत. आणि मॅट आतून पण लावतो, बाहेरून पण.

महेमूदनं त्याच्याकडं बघितलं सुद्धा न्हाई. "त्यानं किती कूलर बांधले, विचार त्याला," म्हणाला. परवेज गप बसला. चांगली पोरं बापापुढं गप बसतात. मला त्या चांगलेपणाचा त्या दिवशी लई राग आला.

महेमूद माझ्या तोंडातून आत वाकला. फडक्यानं पुसलं, थिनरचा बोळा फिरवला, आणि तेल मुरलेल्या त्या गुळगुळीत पोटावर तशीच मॅट ठेवून रेझिन थापलं. हात त्याचा सफाईदार. एक बुडबुडा ठेवला न्हाई. बाहेरून चिरेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासून सारखी केली आणि उरलेला कूलरचा रंग मारला. बुडाला पांढरा, त्याच्या वर कडेनं चार बोटं रुंद निळा पट्टा. दिसायला मी नवरदेव झालो.

पण ऐका. कूलरचं पाणी आत असतं. ते आतून भिंतीवर दाब देतं. आतून मारलेलं ठिगळ नीट चिकटलेलं नसलं तरी पाणीच त्याला दाबून धरतं. चाळीस वर्षं महेमूदला घासायची गरज पडली न्हाई, कारण अर्धं काम त्याच्या नकळत पाणी करत होतं. माझं सगळंच उलटं. माझ्यात माणूस आत आणि पाणी बाहेर. ते चिरेतून घुसणार, ठिगळाला मागून ढकलणार आणि पोळी तव्यावरून उलथावी तसं उचलून टाकणार. मला ते ठिगळ पोटावर जाणवत होतं. धरलेलं नव्हतं. नुसतं टेकलेलं होतं.

ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. पण मी पडलो वस्तू.

मंग त्यानं मला दोन टायरांवर ठेवलं, खाली पेपर अंथरला आणि बोअरची नळी माझ्या तोंडात सोडली. काठोकाठ भरलं. त्या रातभर माझ्या पोटातलं पाणी ठिगळाला दाबून बसलं होतं, आणि मी देवाला म्हणत होतो, गळू दे. एक थेंब तरी गळू दे. हा म्हातारा चिडंल, चार शिव्या देईल, पण पोरगं वाचंल.

सकाळी पेपर कोरडा.

महेमूदनं तो झटकला, उन्हाकडं धरून बघितला, गल्लीतल्या चार लोकांना दाखवला. सगळ्यांनी येऊन माझ्यावर टकटक केली. मजबूत हाय, म्हणाले.

फक्त जुबेदा जवळ आली न्हाई. ती आतून एक दोरी घेऊन आली. बोअरमध्ये मोटार सोडताना वापरतात ती जाड नायलॉनची दोरी, आणि तिच्यासोबत तेलाचे दोन रिकामे कॅन, झाकणं घट्ट लावलेले. दोरी परवेजच्या कंबरेला, कॅन त्याच्या पाठीला, असं तिचं म्हणणं होतं. तिनं आवाज चढवला न्हाई. फक्त वस्तू आणून ओसरीवर ठेवल्या.

महेमूदचा चेहरा उतरला. मी बघितला. राग नंतर आला, आधी चेहराच उतरला. "दोरीच बांधायची व्हती तर माझं काम कशाला पाहिजे व्हतं?" म्हणाला. "गावासमोर पोराला म्हशीसारखं दोरीला बांधून न्यायचं? लोक काय म्हणतील, मिस्त्रीला सोताच्याच जोडावर भरोसा न्हाई?"

जुबेदा म्हणाली, तुमच्या जोडाचा प्रश्न न्हाई, पाण्याचा आहे. महेमूदनं तिच्यापुढं कोरडा पेपर धरला.

परवेजनं एकदा आईकडं बघितलं, एकदा बापाकडं. मंग त्यानं दोरी उचलून खुंटीला अडकवली. बापाचा मान राह्यला.

दुपारी मला गंगेवर नेलं. धर्मराजच्या शेतातून उतार आहे, तिथून पाण्यात सोडलं. थंडीचे दिवस, पाणी हिरवं आणि गार. उतार संपला की दोन पुरुष खोल, आत तर विचारूच नका. धर्मराजचे ड्रम लांबवर, पाऊण-एक फर्लांग आत, जलपर्णीच्या कडेला दिसत होते. काठावर धर्मराज, महेमूद आणि जुबेदा. जुबेदानं दोरी आणल्तीच. पिशवीत लपवून, मांडीवर घेऊन बसली होती. महेमूदच्या काखेत तो घडी घातलेला पेपर.

परवेज माझ्यात बसला. त्यानं माझ्या दोन्ही कडा घट्ट धरल्या. बाहेरून तोंड हसरं. धर्मराज म्हणाला, "परवेज, माशे दिसले तं धरून आण."

वल्हं पाण्यात पडलं. चार हात, वीस हात, शंभर हात. काही झालं न्हाई. मला स्वतःला वाटायला लागलं की उगाच भ्यालो. म्हातारपणी असं होतं.

मंग कडक बसलेली लांबी चिरली. बारीकशी. वल्हं मारताना माझं अंग जरा वाकतं, ती लांबी काही वाकत न्हाई. गंगेचं पाणी सुईसारखं आत आलं आणि ठिगळाच्या मागं जाऊन बसलं. एक कोपरा सुटला. मला अगदी स्पष्ट कळलं, जसं तुम्हाला दाढेचं ठसठसणं कळतं.

परवेजला टाचेपाशी ओल लागली. त्यानं खाली बघितलं आणि पुन्हा वल्हं मारायला लागला. त्याला वाटलं, रातीचं भरलेलं पाणी कुठंतरी साचून राह्यलं असंल. अरे, रातीचं पाणी बोअरचं. ह्यात तर जलपर्णीच्या मुळाचा काळा केस तरंगतोय. बघ ना नीट. बघ की रे लेका. पण तो ड्रमांकडं बघत होता.

दुसरा कोपरा सुटला. पाणी घोट्याला आलं.

आता मात्र तो थांबला. वल्हं आडवं धरलं आणि नुसता खाली बघत बसला. ठिगळ पाण्यात पानासारखं वर-खाली होत होतं आणि त्याच्या कडेनं पाणी उसळत होतं. ड्रम अजून लांब, काठ तितकाच लांब. तो अर्धवट उठला. मी डाव्या अंगाला झुकलो. तो मटकन खाली बसला आणि त्याच्या तोंडातून आवाज आला, तो मोठ्या माणसाचा नव्हता. सात वर्षांच्या पोराचा होता.

"अब्बा," म्हणाला. "पानी आ रा."

काठावर ऐकू गेलं असंल का, मला सांगता येत न्हाई. पण महेमूद आधीच उभा राह्यल्ता. तो परवेजकडं बघत नव्हता, माझ्या निळ्या पट्ट्याकडं बघत होता. पाण्यात सोडलं तेव्हा पट्टा सगळा वर होता. आता निम्मा राह्यल्ता. चाळीस वर्षं पाण्याची पातळी बघण्यात गेलेला माणूस. कूलरात पाणी किती उतरलं ते तो लांबून सांगायचा. इथं पाणी उतरत नव्हतं, चढत होतं. आणि बाहेरून चढत होतं.

त्याच्या काखेतला पेपर गळून पडला.

धर्मराज चपला काढून पाण्यात शिरला, पण साठीच्या म्हाताऱ्याला इतक्या आत पोचायला जन्म लागला असता. जुबेदा दोरी सोडवत होती. दोरी फेकून फार तर पंचवीस-तीस हात जाणार, आणि मी कुठं. तरी तिचे हात चालतच होते.

महेमूद गुडघाभर पाण्यात गेला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि असा ओरडला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

"पाँव दबा उस पे! जोड पे पाँव दबा, पूरा वजन दे!"

परवेजला कळलं न्हाई. तो बापाकडं बघतच राह्यला. महेमूदनं पुन्हा सांगितलं, ह्या खेपेला सावकाश, एकेक शब्द तोडून. पाणी कूलरात जे करतं ते तू पायानं कर. दाबून धर. सोडू नको.

परवेजनं दोन्ही टाचा ठिगळावर रोवल्या.

मी काय सांगू. लोखंडी अँगल पडला तेव्हा दुखलं होतं, हे त्याच्या दुप्पट दुखलं. पण ठिगळ माझ्या पोटाला जाऊन टेकलं. उसळी थांबली. कडेनं झिरपत होतं, पण झिरपतच होतं. त्या पोराचं सगळं वजन आणि सगळं भेव त्या दोन टाचांत उतरलं होतं, आणि मी म्हणत होतो, अजून दाब. फुटलो तरी चालंल. दाब.

"पाय उचलू नको," महेमूद ओरडत होता. "हात चालव. पाय तिथंच ठेव."

परवेजनं मला वळवलं. अर्धा पाण्यानं भरलेला कयाक वळवणं म्हणजे म्हैस चिखलातून ओढणं. निळा पट्टा पूर्ण बुडाला. काठ डुगडुगत जवळ आला. शेवटी धर्मराज छातीभर पाण्यात उभा होता, त्यानं माझं नाक धरलं आणि खसकन ओढलं. "आला रे भोपळा," म्हणाला.

परवेज काठावर आला तरी त्याच्या टाचा ताठच होत्या. जुबेदानं आधी त्याला एक चापट मारली आणि मंग पदरानं त्याचं डोकं पुसायला लागली. डोकं कोरडंच होतं, पाय ओले होते. ती डोकंच पुसत राह्यली. महेमूद जवळ येऊन उभा राह्यला. ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "दोरी मी आणल्ती."

तेवढंच. त्या जागी मी असतो तर चीर पडली असती.

घरी आल्यावर महेमूद दोन दिवस माझ्याजवळ फिरकला न्हाई. तिसऱ्या दिवशी आला, आत वाकला आणि ठिगळाला नख लावलं. ते पापडासारखं सबंध हातात आलं. त्यानं ते उलटं करून बघितलं. मागची बाजू गुळगुळीत, चकचकीत, तेलकट. माझ्या अंगाचा एक कणसुद्धा तिला लागलेला नव्हता. कितीतरी वेळ तो त्या पाठीवरून अंगठा फिरवत बसला. मला वाटलं, आता हा मला कुऱ्हाडीनं तोडणार. माणसं चूक लपवायला वस्तू फोडतात. मी बघितलंय.

त्यानं परवेजला हाक मारली. "तो मोबाइलवाला काय म्हणत व्हता?" विचारलं. "दाखव."

चष्मा लावून तीनदा बघितलं. बघताना त्या माणसाला शिव्या देत होता. ह्याचा ब्रश कच्चा आहे, ह्याचा हात जड आहे, बोलतो फार. पण तीनदा बघितलं. मंग म्हणाला, "मला जबरदस्ती करून सांगायचं व्हतं."

"तुम्ही ऐकलं असतं का, अब्बा?"

महेमूदनं चष्मा पुसला. "न्हाई," म्हणाला.

पुढचे आठ दिवस मला सोलून काढलं. ग्राइंडर लावून तेल मुरलेला थर उडवला, पांढरं कोरडं अंग वर येईपर्यंत. बाहेरची लांबी खोदून टाकली. धुरळ्यानं बाप-लेक दोघं खाजवून हैराण. परवेज घासायचा, महेमूद बोटानं तपासायचा आणि म्हणायचा, अजून. आतून तीन थर, बाहेरून तीन थर, खालचा मोठा, वरचा लहान, की वरचा मोठा, यावर दोघांची दोन तास वादावादी. ह्या खेपेला परवेज गप बसला न्हाई. ते ऐकायला मला बरं वाटलं.

मंग तपासणी. महेमूदनं नळी हातात घेतली आणि परत ठेवून दिली. त्यानं मला गंगेवर नेलं, रिकामंच पाण्यात सोडलं, काठच्या बाभळीला बांधलं. माझ्या पोटात, ठिगळावर, कोरा पेपर अंथरला. त्यावर दोन गोटे ठेवले. रातभर मी तसाच तरंगत होतो आणि रातभर थरथरत होतो. प्रत्येक लाटेला वाटायचं, आली, आत आली.

सकाळी महेमूद एकटाच आला. पेपर उचलला. दोन्ही बाजूंनी बघितला, वास घेतला, गालाला लावला. कोरडा होता. ह्या खेपेला त्यानं तो कुणाला दाखवला न्हाई.

जुबेदा आणि परवेज मागनं आले. महेमूद म्हणाला, आधी मी बसणार. परवेज न्हाई न्हाई म्हणत होता, धर्मराज बांधावरून ओरडत होता की मिस्त्री, ह्या वयात तू बसलास तर गंगा वर येईल. महेमूदनं कुणाचं ऐकलं न्हाई. त्यालाही पोहता येत न्हाई, हे मला त्या दिवशी कळलं. बसायच्या आधी त्यानं जुबेदाच्या पिशवीतून दोरी स्वतः काढली, स्वतःच्या कंबरेला गाठ मारली, ओढून बघितली आणि दुसरं टोक तिच्या हातात दिलं. तिनं ते टोक मनगटाला दोनदा गुंडाळलं.

ड्रमांपर्यंत गेला न्हाई तो. दोरी संपेपर्यंत गेला आणि परत आला. उतरताना त्यानं माझ्या कडेवर हात टेकला. टकटक केली न्हाई. हात नुसता ठेवला.

आता मी रोज गंगेत जातो. परवेजच्या पाठीला कॅन असतात, सगळ्या गावाला दिसतात, आणि त्याला पोहता येत न्हाई हे पण सगळ्या गावाला कळलं. कुणी मेलं न्हाई त्यानं. उलट धर्मराज त्याला उन्हाळ्यात पोहायला शिकवणार आहे. शिकवंल तेव्हा खरं. जुनं ठिगळ ओसरीत खिळ्याला टांगलंय, पाठ पुढं करून.

तरी खरं सांगतो, मला भेव आहे. ठिगळानं धरलंय, मला ठाऊक आहे, सहा थर आहेत. पण पाण्यात उतरताना दर खेपेला माझं पोट आक्रसतं आणि मी वाट बघतो. मंग परवेज बसतो, आणि त्याच्या दोन टाचा बरोब्बर त्याच जागी येऊन दाबून बसतात. आता गरज न्हाई. त्याला पण ठाऊक आहे. सवयीनं येतात का भेवानं, ते मी विचारत न्हाई.

माझं कुणाकडं काही मागणं न्हाई. फक्त त्या पोराला कुणी सांगायला जाऊ नका की आता पाय ढिले सोडून बस. ऱ्हाऊ द्या त्याच्या टाचा तिथं. माझ्यासाठी ऱ्हाऊ द्या.